किलोंबोतल्या आजी, आई, नात: तीन पिढ्यांची बाळंतपणं कशी नोंदवावीत

ब्राझीलमध्ये गुलामगिरीतून निसटलेल्या आफ्रिकी लोकांनी वसवलेल्या वस्त्या म्हणजे किलोंबो. २०२२च्या जनगणनेत या समाजाची पहिल्यांदाच वेगळी मोजणी झाली आणि संख्या १३ लाखांवर भरली. तिथल्या एकाच घरातल्या तीन पिढ्यांची बाळंतपणं नोंदवायची असतील, तर सुरुवात बायकांपासून नव्हे, वस्तीच्या संघटनेपासून करा. जमिनीचा सामूहिक पट्टा संघटनेच्या नावावर मिळतो. तिला डावलून कुणाच्या अंगणात बसणं योग्य नाही. त्यानंतर प्रत्येकीची परवानगी वेगळी घ्यावी, आणि आवाज, फोटो, नाव या तिन्हींसाठी वेगवेगळं विचारावं. झाडपाल्याच्या औषधांसाठी आणखी एक. पारंपरिक ज्ञानाच्या वापरासाठी पूर्वसंमती घेण्याची तरतूद तिथल्या २०१५च्या कायद्यात आहे.

आजीला साल विचारू नका. जन्माची नोंद बरेचदा उशिरा झालेली असते, त्यामुळे कागदावरच्या तारखेवरही विसंबता येत नाही. एका मोठ्या कागदावर आडवी रेघ ओढा. रस्ता कधी झाला, वीज कधी आली, आरोग्यसेविका घरी कधीपासून येऊ लागली, या खुणा त्यावर मांडा आणि प्रत्येक बाळंतपण त्यांच्या मागेपुढे बसवा.

सगळ्यात जास्त चुकतं ते इथे: ‘मुलं किती?’ असं विचारलं की हयात मुलांचाच आकडा मिळतो. पडलेले गर्भ आणि पाळण्यातच गेलेली बाळं निसटतात. म्हणून ‘पहिल्यांदा दिवस गेले तेव्हा’ इथून सुरू करून एकेका खेपेने पुढे जा. कळा कुठे सुरू झाल्या, सुईणीला बोलवायला कोण गेलं, नाळ कशाने कापली, बेंबीला काय लावलं, वार पडायला किती वेळ लागला, ती कुठे पुरली? ईशान्य ब्राझीलमध्ये वारेला ‘कोम्पान्येइरा’, म्हणजे सोबतीण, म्हणतात. दवाखान्यातला शब्द वापरलात तर आजी गप्प बसेल. वार अडकली की बाईला रिकाम्या बाटलीत जोरात फुंकर मारायला लावत. अशा तपशिलासाठी घाई करू नका, हातवारे करून दाखवायला सांगा.

बाळ ‘सात दिवसांच्या आजाराने’ गेलं असं ती म्हणाली, तर आधी तेच शब्द लिहा. हा बहुधा नवजात धनुर्वात असतो: अस्वच्छ पात्यातून किंवा बेंबीवरच्या लेपातून जंतू शिरतात, जबडा आखडतो, बाळ अंगावर पिऊ शकत नाही. हे निदान समासात लिहा, तिच्या तोंडी घालू नका. आणि तिच्यासमोर सुईणीला दोष तर मुळीच देऊ नका.

बाळंतिणीचे चाळीस दिवस तिघींनाही विचारा. कोंबडीच्या रश्शात कसाव्याचं पीठ शिजवून केलेला पिरांव कुणी रांधला, डोक्यावरून पाणी घेतलं का, आणि त्या दिवसांत शेतात कोण राबलं? शेवटच्या प्रश्नाचं उत्तर पिढीगणिक बदलतं, आणि पथ्य खरंच पाळता आलं का हे त्यातूनच कळतं.

नातीची कहाणी ‘सुधारलेली’ असेल असं धरून चालू नका. गोयास राज्यातल्या कालुंगासारख्या डोंगराळ मुलुखात इस्पितळ लांब आहे. दिवस भरण्याआधीच शहरात जाऊन राहिली का, कुणाकडे, खर्च कुणी केला, हे विचारा. २००५च्या कायद्याने प्रसूतीच्या वेळी आपल्या पसंतीचं माणूस जवळ ठेवण्याचा हक्क दिला आहे; तो तिला मिळाला का? सिझेरियन झालं असेल तर ते कुणी ठरवलं, कारण काय सांगितलं? ब्राझीलमध्ये निम्म्याहून अधिक बाळंतपणं सिझेरियनने होतात. एका कृष्णवर्णीय गरोदर बाईच्या २००२ सालच्या मृत्यूबद्दल संयुक्त राष्ट्रांच्या समितीने २०११मध्ये ब्राझील सरकारला जबाबदार धरलं होतं. नातीने सांगितलेली हेळसांड किरकोळ तक्रार म्हणून गाळू नये, ती या कारणासाठी.

मुलाखती आधी एकेकीच्या, मग तिघींची एकत्र. सासूसमोर सून गर्भपाताबद्दल बोलणार नाही. पुरुष दुभाषा असेल तर कुणीच बोलणार नाही.

लिहून झालं की मजकूर मोठ्याने वाचून दाखवा, कारण आजीला वाचता येईलच असं नाही. ती म्हणेल ते खोडा. सुईणीचं नाव मात्र सवयीने लपवू नका, तिलाच विचारा. पारंपरिक सुईणींच्या ज्ञानाला २०२४मध्ये राष्ट्रीय वारसा म्हणून मान्यता मिळाली आहे. आपलं नाव छापून यावं असं तिला वाटत असेल, तर ते पूर्ण आणि बरोबर छापा. एक प्रत घरी द्या, एक संघटनेच्या कचेरीत.