सत्तरी ते काणकोण: गावच्या पायवाटा जोडून लांब पल्ल्याची वाट कशी उभारावी

नवी वाट कापायला जाऊ नका. गोव्यात सत्तरीपासून काणकोणपर्यंतच्या डोंगरपट्ट्यात जुन्या वाटा अजून आहेत. केळघाट, दिगी घाट अशा वाटांनी एके काळी मीठ, नारळ बैलांच्या पाठीवरून वर जात आणि धान्य खाली येई. शिवाय देवळं, कुळागरं (पोफळीच्या बागा), गुरांच्या चरणीच्या जागा जोडणाऱ्या पायवाटा आहेतच. त्यातला 10-12 किलोमीटरचा एकच टप्पा निवडा. त्याच्या दोन्ही टोकांना बस आणि रात्री राहता येईल असं घर हवं. गुरं राखणाऱ्या जुन्या माणसांना सोबत घेऊन तो दोनदा चाला. ऑक्टोबरमध्ये व्हाळ (ओढा) कुठे अडवतो ते कळतं, मे महिन्यात प्यायचं पाणी कुठे आटतं ते.

मग कागदपत्रं. वाट जाते त्या प्रत्येक सर्व्हे क्रमांकाचा एक-चौदा (जमिनीचा उतारा) काढा. त्यावर नाव एकाचं आणि कसणारा दुसरा, हे पुष्कळदा आढळतं. सत्तरीत मोकासो (जुन्या इनामाच्या) आणि अल्वारा (पोर्तुगीज सरकारनं कसायला दिलेल्या) जमिनींमुळे तर फारच. दोघांचीही लेखी संमती घ्या. चालणाऱ्याला फक्त जाण्याची मुभा आहे, त्यातून वहिवाटीचा हक्क तयार होत नाही, असं त्यात स्पष्ट लिहा. ही ओळ नसेल तर जमीनवाला घाबरतो, आणि त्याचं घाबरणं योग्यच आहे. कोमुनिदादीची (गावाच्या जुन्या सामाईक संस्थेची) जमीन असेल तर तिची वेगळी संमती लागते. ग्रामसभेचा ठराव सगळ्यात आधी.

म्हादई, भगवान महावीर, नेत्रावळी आणि खोतीगाव ही अभयारण्यं उत्तर-दक्षिण जवळजवळ सलग लागतात. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यामुळे आत जायला वन खात्याचा परवाना हवा. फलक लावायचे असले तरी त्यांनाच विचारायचं. म्हणून मुख्य वाट शक्य तिथे अभयारण्याबाहेरच्या गावांतूनच न्यावी, असं आमचं ठाम मत आहे. आतले भाग परवाना आणि गावचा वाटाड्या घेऊन करायच्या जोडवाटा राहू द्या. मार्च 2023 मध्ये म्हादईच्या रानात वणवे लागले होते. फेब्रुवारी ते मे वाटेवर चूल नको, विडी-सिगारेटही नको.

खरी मेहनत पाण्यावर घ्यायची. वाट 60 ते 90 सेंटिमीटर रुंद पुरे. सरासरी चढ 10 टक्क्यांच्या आत ठेवा, म्हणजे 10 मीटर चालल्यावर 1 मीटर उंची. शिवाय डोंगराचा उतार जितका, त्याच्या निम्म्याहून जास्त चढ वाटेला नको. तो वाढला की पाणी वाट ओलांडून न जाता वाटेवरूनच धावतं. मग घळ पडते, लोक कडेकडेनं चालू लागतात आणि वाट रुंदावत शेजारच्या बागायतीत शिरते. वाटेला दरीच्या बाजूस थोडा कल द्या, 60 सेंटिमीटर रुंदीला 3 सेंटिमीटर.

चढावर चिऱ्यांचे (जांभ्या दगडाच्या ठोकळ्यांचे) आडवे बांध घाला. चिरे एकमेकांना भिडवून, दोन-तृतीयांश जमिनीत पुरून, वाटेला 45 अंशांत तिरके बसवायचे. काटकोनात बसवलेल्या बांधाशी पाण्याचा वेग मरतो आणि गाळ साचतो. तिरक्या बांधावरून पाणी स्वतःच गाळ धुऊन नेतं. खालच्या टोकाला दीड-दोन मीटरचा चर खणून पाणी लांब सोडा, नाहीतर ते वळसा घेऊन पुन्हा वाटेवर येतं. 10 टक्के चढावर दर 15-20 मीटरला एक बांध, 5 टक्क्यांवर 30-40 मीटरला एक. यंत्रानं कापलेला गुळगुळीत चिरा पावसात लगेच शेवाळ धरतो, म्हणून पायरीला वापरताना वरची बाजू टाकीनं खरबरीत करा. सुटी जांभ्याची खडी उतारावर गोट्यांसारखी सरकते. ती फावड्यानं ओढून काढा, वर आणखी मुरूम ओतू नका. चर वर्षातून तीनदा उपसायचे: मे अखेरीस, जुलैत आणि चतुर्थीनंतर. मे महिन्यातली फेरी चुकली तर पालापाचोळ्यानं तुंबलेला चर पहिल्याच मोठ्या पावसात फुटतो. सहा जणांना 2 कुदळी, 2 कोयते, 1 पहार, 1 फावडं आणि 2 घमेली पुरतात.

सड्यावर (उघड्या कातळाच्या पठारावर) वाट दिसतच नाही, आणि पावसात धुकं उतरलं की माहीतगारही चुकतो. तिथे गुडघाभर उंचीचे दगडांचे ढीग 20-25 मीटरवर रचा. एकापाशी उभं राहून पुढचा दिसला पाहिजे. वाट उघड्या कातळावरूनच न्या, कारण मातीच्या पातळ थरात पावसाळी फुलझाडं असतात. झाडावर खूण करायची तर 5 बाय 15 सेंटिमीटरचा पिवळा तैलरंगाचा पट्टा, डोळ्यांच्या उंचीवर, दोन्ही दिशांनी दिसेल असा. पांढरा रंग खोडावरच्या दगडफुलात हरवतो. खिळा ठोकू नका.

कुळागरात पाटाच्या बांधावरून चालू देऊ नका. बांध दबला की पाणी झिरपतं आणि शेवटच्या रांगेतल्या माडी (पोफळी) सुकतात; अशी एक तक्रारही संमती परत घ्यायला पुरेशी आहे. काजूच्या दिवसांत पडलेली बी कुणी उचलायची नाही. राईला (देवराईला) वळसाच घाला. बांबरच्या निरंकाराच्या राईत रानजायफळाची झाडं दलदलीत उभी आहेत, त्यांची श्वसनमुळं चिखलाबाहेर येतात आणि पायाखाली मोडतात.

सत्तरीत 2015 पासून माकडतापाचे रुग्ण आढळले आहेत. तो गोचिडीमुळे होतो, मुख्यतः हिवाळा-उन्हाळ्यात. पूर्ण बाह्या, पँट मोज्यात खोचलेली, पाचोळ्यात बसायचं नाही, घरी गेल्यावर गरम पाण्यानं अंघोळ. मेलेलं माकड दिसलं तर हात न लावता आरोग्य केंद्राला कळवा. दर किलोमीटरला क्रमांकाचा दगड पुरा, म्हणजे 108 ला फोन करताना जागा सांगता येते. रेंज मिळणाऱ्या जागा आणि रुग्णवाहिका पोचेल अशी रस्त्याची टोकं त्याच नकाशावर दाखवा.

पाहुणे ठेवणाऱ्या घराची पर्यटन खात्याकडे नोंदणी हवी. जेवणाचे आणि मुक्कामाचे पैसे थेट घराला, वाटाड्याचे वाटाड्याला. वाटेच्या देखभालीचा वाटा मात्र वेगळ्या संयुक्त खात्यात. चर उपसणाऱ्यांना त्यातून रोजची मजुरी द्या. श्रमदानावर पहिलं वर्ष निघतं, तिसरं निघत नाही.

एका टप्प्यानं पूर्ण पावसाळा काढला आणि खात्यात पुढच्या वर्षाची मजुरी जमली, की मगच शेजारच्या गावाशी बोला. शीव हीच सगळ्यात दुर्लक्षित जागा असते, म्हणून दोन्ही गावांनी शिवेपलीकडची 100 मीटर वाटही साफ करायची, असं ठरावातच लिहून घ्या.