किलिमांजारोची टूर घेताना आधी दिवस मोजा

आपल्या बेळगाव भागातनं ग्रुपबरोबर आफ्रिकेतल्या किलिमांजारो पर्वतावर जाणाऱ्यांना माझं एक कळकळीचं सांगणं आहे. पाठीवर सॅक घेऊन येळ्ळूरचा राजहंसगड चढा, पाय नक्की तयार होतील. पण विरळ हवेची सवय येळ्ळूरच्या डोंगरावर लागत नाही, ती तिथंच जास्त रात्री काढून लागते. म्हणून स्वस्तात मिळते म्हणून पाच दिवसांची टूर घेऊ नका. मचामे वाटेला सात, लेमोशोला आठ दिवस द्या. या दोन्ही वाटा लाव्हा टॉवर या खडकाच्या सुळक्यापाशी, सुमारे 4,600 मीटरवर नेतात आणि झोपायला त्याच दिवशी बरांकोच्या तळावर, 3,900 च्या आसपास उतरवतात. शरीर सावरतं ते या उतरण्यानं.

शिखर 5,895 मीटरवर. शेवटची चढाई मध्यरात्री सुरू होते, कडाक्याच्या थंडीत सॅकमधल्या पिशवीतनं पाणी प्यायची नळी गोठते. बाटली मोज्यात घालून उलटी ठेवा. बर्फ वरच्या बाजूला धरतो, तोंड मोकळं राहतं.

विमा घेताना तेवढ्या उंचीवरची सुटका त्यात आहे का, ते बघा. आणि डोकं ठणकतंय, उलट्या होताहेत, तोल जातोय, तर गाईडपासून लपवू नका. लगेच खाली उतरा, पैसे गेले तरी चालतील.