रक्तवाढीच्या गोळ्या घेऊनही हिमोग्लोबिन वाढत नाही? या चुका टाळा

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयोगटातील ५४.२ टक्के स्त्रियांना ॲनिमिया असल्याचे आढळले. आधीच्या फेरीत हे प्रमाण ४८ टक्के होते. उपकेंद्रापासून जिल्हा रुग्णालयापर्यंत लोहाच्या गोळ्या मोफत मिळत असताना आकडा वर गेला, याची कारणे अनेक आहेत आणि रोजच्या जेवणातील उणीव त्यांत मोठी आहे. तरीही एक कारण असे आहे की ज्यावर घरच्या घरी इलाज करता येतो. आशाताईंनी हातात दिलेली गोळी पोटात जाते की नाही, गेली तर अंगी लागते की नाही, आणि पुरेसे दिवस चालू राहते की नाही, याकडे आपण फारसे पाहत नाही. गोळ्या वाटल्याची नोंद रजिस्टरमध्ये होते. त्या खाल्ल्या की नाही, हे त्यावरून कळत नाही. त्याच सर्वेक्षणानुसार देशात गरोदरपणी १०० किंवा त्याहून अधिक दिवस या गोळ्या घेतलेल्या माता ४४.१ टक्के होत्या, तर पूर्ण १८० दिवस घेतलेल्या केवळ २६ टक्के.

चहा आणि कॅल्शियम

सर्वाधिक घडणारी चूक वेळेची आहे. सकाळचा चहा झाला की त्याच घोटाबरोबर गोळी घेण्याची सवय अनेक घरांत दिसते, कारण तेव्हाच ती आठवते. चहा-कॉफीतील टॅनिनसारखी द्रव्ये लोहाला बांधून ठेवतात आणि ते आतड्यातून रक्तात जाऊ देत नाहीत. म्हणून गोळी आणि चहा यांत किमान एक ते दोन तासांचे अंतर हवे. दुधाबाबतही हाच नियम पाळावा. ‘गोळी गरम पडते, दुधाबरोबर घे’ हा सल्ला कितीही मायेने दिलेला असला तरी तो गोळीचा उपयोग कमी करतो.

गरोदर स्त्रीला चौथ्या महिन्यापासून लोहाबरोबर कॅल्शियमच्या गोळ्याही मिळतात आणि विसरायला नको म्हणून दोन्ही एकदमच घेतल्या जातात. कॅल्शियम लोहाच्या शोषणात अडथळा आणते, त्यामुळे दोन्हींत किमान दोन तास जाऊ द्यावेत. कॅल्शियम दुपारच्या आणि रात्रीच्या जेवणाबरोबर घ्यावे आणि लोहाची गोळी सकाळी किंवा झोपताना लिंबूपाण्याबरोबर घ्यावी, अशी विभागणी बहुतेक घरांत जमून जाते. आम्लपित्तावरची गोळी नियमित चालू असेल तर तेही डॉक्टरांना सांगावे, कारण जठरातील आम्ल कमी झाले की लोह शोषण्याचे कामही मंदावते.

काळी शौच दिसली म्हणून गोळी बंद

गोळी रिकाम्या पोटी अधिक चांगली शोषली जाते हे खरे. पण मळमळ, जळजळ किंवा बद्धकोष्ठता होऊन ती कायमची कोनाड्यात जाणार असेल, तर जेवणानंतर तास-दोन तासांनी किंवा रात्री झोपताना घेतलेली गोळी केव्हाही बरी. शोषण थोडे कमी होईल, पण गोळी चालू राहील. पाणी आणि पालेभाज्या वाढवल्याने बद्धकोष्ठता बरीच आटोक्यात येते. शौचाचा रंग काळपट होणे हे न शोषलेल्या लोहामुळे घडते आणि त्यात धोका नसतो. मात्र शौच डांबरासारखी चिकट व दुर्गंधीयुक्त असेल आणि सोबत चक्कर किंवा पोटदुखी असेल, तर तो पोटातील रक्तस्रावाचा इशारा असू शकतो; अशा वेळी त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे. ‘गोळ्यांनी बाळ काळे होते’ किंवा ‘बाळ फार मोठे होऊन सिझर करावे लागते’ या समजुतींना कोणताही आधार नाही, आणि सासूबाईंनाही हे घरभेटीत आशाताईंकडून ऐकवले तर सुनेचे काम सोपे होते.

बीट, डाळिंब आणि लाल रंगाचा मोह

रक्त लाल म्हणून लाल पदार्थांनी रक्त वाढते, हा समज सुशिक्षित घरांतही पक्का आहे. बीट आणि डाळिंब खाण्यास उत्तमच आहेत, पण त्यांत लोह थोडे असते. त्यापेक्षा मोड आलेली मटकी, चवळी, हरभरा, तीळ, पालेभाज्या, मांसाहारी घरांत कलेजी आणि मासे, तसेच बाळंतिणीला दिले जाणारे हळिवाचे लाडू अधिक उपयोगी. कांदेपोह्यांवर लिंबू पिळण्याची आपली पद्धत आहाराच्या दृष्टीने फार शहाणपणाची आहे, कारण क जीवनसत्त्वामुळे वनस्पतिजन्य लोह चांगले शोषले जाते. दुर्दैवाने त्याच बशीशेजारी चहाचा कप येतो आणि लिंबाने दिलेले पुष्कळसे परत घेतो. हिमोग्लोबिन एकदा बरेच खाली गेले की आहार कितीही सुधारला तरी केवळ त्यावर ते वेळेत भरून निघत नाही, म्हणून आहाराला गोळीचा पर्याय मानू नये.

आकडा वाढला की गोळी बंद करणे

गरोदर स्त्रीचे हिमोग्लोबिन ११ ग्रॅमच्या खाली आणि इतर स्त्रियांचे १२ ग्रॅमच्या खाली असेल तर तो ॲनिमिया मानला जातो. २०१८ मध्ये सुरू झालेल्या ‘ॲनिमिया मुक्त भारत’ कार्यक्रमानुसार गरोदर स्त्रीने चौथ्या महिन्यापासून रोज एक लाल गोळी १८० दिवस घ्यायची असते आणि बाळंतपणानंतर आणखी १८० दिवस. या गोळीत ६० मिलिग्रॅम लोह आणि ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक ॲसिड असते. हिमोग्लोबिन ७ ते १०.९ असल्यास उपचार म्हणून रोज दोन गोळ्या दिल्या जातात. बाळ झाले की आईचे कार्ड बाळाच्या लसीकरणापुरतेच उघडले जाते आणि तिच्या गोळ्या थांबतात. नेमक्या त्याच काळात बाळंतपणात गेलेले रक्त भरून काढायचे असते. गरोदर नसलेल्या स्त्रीनेही आकडा नीट झाल्यावर शरीरातील लोहाचा साठा भरण्यासाठी साधारण तीन महिने, डॉक्टरांच्या सल्ल्याने, गोळ्या चालू ठेवाव्यात.

सगळे नीट करूनही फरक नाही

एक महिना नियमित उपचार घेऊनही हिमोग्लोबिन एक ग्रॅमनेसुद्धा वाढले नाही, तर गोळीची कंपनी बदलत बसण्यापेक्षा कारण शोधावे. आधी तपासणीच तपासावी, कारण बोटातून रक्त येत नाही म्हणून ते जोराने दाबले की ऊतींतील द्रव मिसळून आकडा खोटा कमी येतो, आणि रंग जुळवून पाहण्याच्या सहली पद्धतीत पाहणाऱ्याच्या नजरेवर बरेच अवलंबून असते. म्हणून दोन वेळच्या तपासण्या एकाच पद्धतीने व्हाव्यात.

त्यानंतर पाळीचा प्रश्न येतो, आणि तो बायका स्वतःहून सांगत नाहीत. दर एक-दोन तासांनी पॅड भिजत असेल, मोठ्या गाठी पडत असतील किंवा पाळी सात दिवसांहून अधिक चालत असेल, तर गोळ्या भरत राहतात आणि रक्त वाहत राहते. अशा वेळी गर्भाशयातील गाठींसाठी सोनोग्राफी आणि तांबी बसवलेली असल्यास तिचा विचार व्हायला हवा. जंतांमुळेही हळूहळू रक्त जाते. गरोदरपणी पहिले तीन महिने उलटल्यावर अल्बेंडॅझोलची एक गोळी देतात, ती चुकवू नये.

गडचिरोली, चंद्रपूर, गोंदिया, भंडारा, नागपूर आणि नंदुरबार या भागांत सिकलसेल या आनुवंशिक रक्तविकाराचे प्रमाण लक्षणीय आहे. सिकलसेल किंवा थॅलेसेमिया मायनर (हाही आई-वडिलांकडून येणारा रक्तदोष) असताना हिमोग्लोबिन कमी असण्याचे कारण लोहाची कमतरता असेलच असे नाही, आणि तपासणी न करता महिनोन्‌महिने लोह घेणे योग्य नाही. ही तपासणी लग्नाआधी किंवा गरोदरपणाच्या सुरुवातीलाच झाली, तर जोडीदाराचीही तपासणी करून पुढचा निर्णय विचारपूर्वक घेता येतो.

गरोदर स्त्रीचे हिमोग्लोबिन ७ च्या खाली असेल तर केवळ गोळ्यांवर विसंबू नये. शिरेतून लोह देण्याची सोय असलेल्या रुग्णालयात जावे. ५ च्या खाली असल्यास कितवा महिना आहे हे न पाहता लगेच दाखल व्हावे. २०११ पासून चालू असलेल्या जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात सरकारी रुग्णालयातील तपासण्या, औषधे, गरज पडल्यास रक्त आणि १०२ क्रमांकाची गाडी विनामूल्य असते. प्रत्येक महिन्याच्या ९ तारखेला प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानाखाली सरकारी केंद्रांत गरोदर स्त्रियांची डॉक्टरांकडून मोफत तपासणी होते. तेथे जाताना माता-बाल संरक्षण कार्ड, जुने रिपोर्ट आणि चालू गोळ्यांची पाकिटे न्यावीत, म्हणजे किती गोळ्या प्रत्यक्ष खाल्ल्या गेल्या ते डॉक्टरांना मोजता येते.

गोळ्या घरी ठेवताना एक काळजी मात्र विसरू नये. साखरेचा थर असलेली लाल गोळी लहान मुलांना गोड गोळीसारखी वाटते, आणि काही गोळ्या एकदम पोटात गेल्या तर लोहाची विषबाधा जिवावर बेतू शकते. म्हणून त्या मुलांचा हात पोहोचणार नाही अशा कोरड्या जागी बंद ठेवाव्यात आणि मुलाने गिळल्याची शंका आली तरी त्रास होण्याची वाट न पाहता त्याला थेट रुग्णालयात न्यावे.