चिनी राशींची सोन्या-चांदीची नाणी: बाराचा संच कसा जमवावा

पहिलं नाणं घेण्याआधी मालिका ठरवा. बहुतेकांचं नेमकं उलटं होतं. आधी जन्मसालाचा वाघ घेतला जातो, मग नक्षी आवडली म्हणून अर्ध्या औंसाचा ड्रॅगन, मग स्वस्तात मिळाला म्हणून दुसऱ्याच टांकसाळीचा ससा. पाच वर्षांनी डब्यात आठ-दहा नाणी असतात, पण संच एकही नसतो. सुटं नाणं विकायला गेलं की समोरचा धातूचा भाव काढून बसतो. एकाच टांकसाळीची, एकाच मालिकेची, एकाच वजनाची बारा नाणी ओळीनं लागली, तर गिऱ्हाईक वेगळ्या नजरेनं बघतं. म्हणून टांकसाळ, मालिका, धातू आणि वजन या चार गोष्टी वहीत लिहा आणि बारा पूर्ण होईपर्यंत त्यातली एकही बदलू नका.

राशींचा क्रम असा: उंदीर, बैल, वाघ, ससा, ड्रॅगन, साप, घोडा, बोकड, माकड, कोंबडा, कुत्रा, डुक्कर. कुठल्याही सालाची रास काढायची तर सालातून ४ वजा करा आणि १२ नं भागा. बाकी ० उरली तर उंदीर, १ उरली तर बैल, याप्रमाणे पुढे. २०२४ चं पाहा: २०२० ला १२ नं भागल्यावर बाकी ४, म्हणजे ड्रॅगन. कुणाला जन्मराशीचं नाणं भेट द्यायचं असेल तर मात्र जपून. चिनी नववर्ष आपल्या पाडव्यासारखंच इंग्रजी तारखेत मागंपुढं सरकतं आणि २१ जानेवारी ते २० फेब्रुवारीच्या दरम्यान कधीतरी येतं. ड्रॅगनचं वर्ष १० फेब्रुवारी २०२४ ला सुरू झालं, त्यामुळे जानेवारी २०२४ मध्ये जन्मलेलं मूल सशाचं. नाण्यावर इंग्रजी साल असतं, आणि चूक तिथेच होते.

कुठली मालिका घ्यावी

या प्रकाराची सुरुवात चीननं १९८१ मध्ये कोंबड्याच्या वर्षी केली. सोन्याचं नाणं ८ ग्रॅमचं, चांदीचं १५ ग्रॅमचं. ही पहिली मालिका १९९२ च्या माकडावर पूर्ण झाली. तिच्यात चिनी चित्रकारांची चित्रं नाण्यावर उतरवली आहेत. १९९० चा घोडा शू पेइहोंग यांचा आहे. देखणी मालिका आहे, पण नाणी थोडी निघाली, म्हणून महाग आहेत आणि नकलाही भरपूर आहेत. नवख्यानं इथून सुरुवात करू नये.

चीननं पुढे वेगळे आकारही काढले. १९९३ पासून प्लमच्या फुलासारखं पाकळ्यांचं नाणं आलं. २००० च्या ड्रॅगनपासून २०११ च्या सशापर्यंत पंख्याच्या आकाराची मालिका चालली. बारा पंखे एका रांगेत मांडले की डोळ्यांचं पारणं फिटतं. पण अशा नाण्याची मूळ कॅप्सूल (नाणं ठेवायची कडक पारदर्शक डबी) तडकली तर त्याच आकाराची दुसरी मिळवताना नाकी नऊ येतात. घेताना नाण्याइतकीच कॅप्सूलही बघा.

सुरुवात करणाऱ्यानं ऑस्ट्रेलियाच्या पर्थ मिंट या टांकसाळीची मालिका घ्यावी असं आमचं स्पष्ट मत आहे. नाणी नियमित निघतात, मापं ठरलेली आहेत आणि जगभर खरेदीदार आहेत. तिथल्या तीन मालिका ओळखायला शिका. पहिली सोन्यात १९९६ ते २००७ आणि चांदीत १९९९ ते २०१०. दुसरी दोन्ही धातूंत २००८ ते २०१९. तिसरी २०२० च्या उंदरापासून सुरू झाली आणि २०३१ च्या डुकरावर संपेल. तारखा बघा: २००८, २००९ आणि २०१० या तीन वर्षांत चांदीची पहिली आणि दुसरी मालिका दोन्ही चालू होत्या. २०१० चा चांदीचा वाघ दोन वेगवेगळ्या मालिकांचा मिळतो. विकणाऱ्यानं नुसतं ‘२०१० वाघ’ लिहिलं असेल तर व्यास विचारा. एक औंसाचं चांदीचं नाणं पहिल्या मालिकेत सुमारे ४०.६ मिमीचं आहे, दुसरीत ४५.६ मिमीचं, रुंद आणि पातळ. तिसरीत ते पुन्हा ४१ मिमीच्या आसपास आलं. एका मालिकेची कॅप्सूल म्हणूनच दुसरीला बसत नाही, आणि संच लावताना चुकीचं नाणं लगेच डोळ्यांत खुपतं.

ब्रिटनच्या रॉयल मिंटची मालिका २०१४ च्या घोड्यापासून आहे. त्या घोड्यात एक गंमत दडलेली आहे. टांकसाळीत साच्यांची अदलाबदल झाली आणि सुमारे १७,००० चांदीच्या घोड्यांवर राणीची बाजू त्याच टांकसाळीच्या ब्रिटानिया नावाच्या दुसऱ्या नाण्याच्या साच्यातली उमटली. ओळखायची खूण सोपी आहे. नाणं राणीच्या बाजूनं दिव्याखाली तिरकं धरा आणि भिंगातून कडेच्या आतली गोल रेघ पाहा. साध्या घोड्याची आतली कड गुळगुळीत असते. चुकीच्या साच्यातल्या घोड्याला तिथे बारीक दात्यांची माळ दिसते. हे नाणं साध्या घोड्यापेक्षा बऱ्याच चढ्या भावानं जातं, तेव्हा जुन्या साठ्यातला २०१४ चा घोडा हाती आला तर आधी भिंग काढा.

ज्या मालिकेची काही वर्षं उलटली आहेत ती जमवायला घेतली, तर ड्रॅगन सगळ्यांत आधी घ्या. बाकीच्या अकरा राशींना मुख्यतः संग्राहक गिऱ्हाईक असतं. ड्रॅगन मात्र ज्यांना संच करायचाच नाही तेही घेतात. पर्थच्या दुसऱ्या मालिकेतला २०१२ चा ड्रॅगन याच कारणानं इतरांपेक्षा महाग आहे. अकरा नाणी घेऊन बाराव्याच्या किमतीपाशी अडकलेले संच बाजारात खूप दिसतात. चालू मालिकेत दर साली निघणारं नाणं मात्र निघाल्याबरोबर घ्यावं. पर्थ पुढच्या सालाचं नाणं आदल्या वर्षाच्या उत्तरार्धातच विक्रीला आणतं.

धातू किती, वरची रक्कम किती

औंस म्हणजे ट्रॉय औंस, ३१.१०३५ ग्रॅम. जुन्या ११.६६ ग्रॅमच्या तोळ्यानं ते बरोबर २ तोळे आणि दोन-तृतीयांश होतात. आजच्या १० ग्रॅमच्या तोळ्यानं ३.११. किराणा मालाचा औंस २८.३५ ग्रॅमचा असतो, त्याच्याशी गल्लत करू नका.

दागिन्याला घडणावळ असते तशी नाण्यालाही धातूच्या भावावर एक रक्कम असते. ती दर वेळी काढाच. समजा चांदीचा त्या दिवशीचा भाव ग्रॅमला १०० रुपये आहे. एक औंसात धातू ३,११० रुपयांचा. विकणारा ४,२०० मागत असेल तर वरचे १,०९० रुपये, म्हणजे धातूच्या सुमारे ३५ टक्के, तुम्ही नक्षी, साल आणि दुर्मिळतेसाठी देताय. ती रक्कम पटत असेल तरच घ्या. सोन्यात वजन जितकं कमी तितकी ही टक्केवारी जास्त: १/२० औंसात सोनं जेमतेम १.५५५ ग्रॅम, पण साचा, कॅप्सूल आणि पेटीचा खर्च मोठ्या नाण्यासारखाच. ‘थोडंथोडं सोनं’ साठवायचं म्हणून बारीक नाणी घेणं त्यामुळे महागात पडतं. आवड म्हणून जरूर घ्या, गुंतवणूक म्हणून घेऊ नका.

खरं की खोटं

सगळ्यांत आधी नाण्यावर देशाचं नाव (ब्रिटिश नाण्यावर राणीचं किंवा राजाचं), साल आणि चलनातलं मूल्य (युआन, डॉलर किंवा पौंड) आहे का ते पाहा. मूल्य नसेल तर ते नाणं नाही, पदक आहे. बाजारात राशींची पितळी, वर मुलामा दिलेली पदकं ‘चिनी सोन्याची नाणी’ म्हणून सर्रास खपवली जातात.

मग काटा आणि व्हर्नियर (व्यास-जाडी मोजायचं साधन). काटा ०.०१ ग्रॅम दाखवणारा हवा. एक औंसाचं नाणं ३१.१० पेक्षा कमी भरलं तर तिथेच थांबा. वजन बरोबर असेल तर व्यास आणि जाडी मोजा आणि टांकसाळीनं दिलेल्या मापाशी ताडून बघा. शुद्ध चांदीची घनता १०.४९ आहे, तांब्याची ८.९६ आणि पितळेची त्याहून कमी. तांब्यावर चांदी चढवून वजन जुळवलं, तर नाणं जाड किंवा रुंद होणारच.

कॅप्सूलबाहेर असलेल्या साध्या, बिनरंगी नाण्याची पाण्यातली तपासणी घरी करता येते. काट्यावर पाण्याचा पेला ठेवून काटा शून्यावर आणा. नाणं बारीक नायलॉनच्या दोऱ्यानं पाण्यात पूर्ण बुडेल असं टांगा. तळाला किंवा काचेला लागू देऊ नका, अंगावरचे बुडबुडे झटका. आता काटा जो आकडा दाखवेल त्यानं कोरड्या वजनाला भागा. एक औंस चांदीला आकडा २.९६-२.९७ च्या आसपास येतो, चोख सोन्याला १.६१. भागाकार अनुक्रमे १०.४९ आणि १९.३ च्या जवळ हवा.

या तपासणीच्या मर्यादाही ओळखा. १/१० औंस सोन्याला आकडा येतो जेमतेम ०.१६, काट्याच्या एका अंकाच्या चुकीनं उत्तर ६ टक्के हलतं, म्हणजे बारीक नाण्यांवर ही पद्धत निरुपयोगी. टंगस्टन या जड धातूची घनता १९.२५, सोन्याला जवळजवळ खेटून, त्यामुळे टंगस्टनची भर पाण्यात पकडली जात नाही. मोठ्या सोन्याच्या नाण्यासाठी विद्युतवाहकता मोजणारं यंत्र असलेल्या दुकानातच जावं. आणि चीनचं १९८१ चं ८ ग्रॅमचं सोनं २२ कॅरेटचं, चांदी ८५० कसाची (हजारात ८५० भाग चांदी) आहे. तिथे १९.३ किंवा १०.४९ आलं नाही म्हणून नाणं खोटं ठरवू नका.

सराफाकडे नेलंत तर आधीच बजावा: कसोटीवर घासायचं नाही, कानस लावायची नाही, तेजाब टाकायचं नाही. दागिन्याला ही तपासणी चालते. नाण्यावर कसोटीची एक रेघ उठली की ते संग्रहातून उठून मोडीत जातं. एक्सआरएफ यंत्र (क्ष-किरणांनी धातू ओळखणारं) असेल तर ते वापरायला सांगा, पण ते फक्त वरचा थर वाचतं हे ध्यानात ठेवा. जाड मुलाम्याला ते फसतं.

जपणूक

नाणं कडेनं धरा, खाली मऊ कापड पसरून. नाण्यावर तोंड आणून बोलू नका. थुंकीचा अदृश्य शिंतोडा महिन्यांनी काळा ठिपका होऊन उमटतो. पितांबरी, चिंच, रांगोळी, टूथपेस्ट यातलं काहीही लावायचं नाही. देवघरातली चांदी घासून लखलखते, नाणं घासलं की त्याची मूळ झळाळी कायमची जाते, आणि जाणकार ते हात न लावता ओळखतो. धनत्रयोदशीला किंवा लक्ष्मीपूजनाला चौरंगावर ठेवायचं असेल तर कॅप्सूलसकट ठेवा, हळदकुंकू कॅप्सूलवर वाहा आणि दुधाचं स्नान दुसऱ्या नाण्याला घाला.

मऊ प्लास्टिकच्या स्वस्त पाकिटांत पीव्हीसी असतं. त्यातून काही वर्षांत हिरवट चिकट थर सुटतो. तो सुरुवातीला दिसला तर शुद्ध ॲसिटोनमध्ये नाणं बुडवून काढता येतो. नेलपॉलिश रिमूव्हर चालत नाही, त्यात तेल आणि सुगंध असतो. रंगीत छपाईच्या नाण्याला ॲसिटोन कधीच दाखवू नका, ड्रॅगनचा रंग पेल्यात उतरेल. चांदीवर कधी कधी दुधाळ पांढरे डाग येतात. ते टांकसाळीतूनच आलेले असतात, घासून जात नाहीत. अशा नाण्याला कमी भाव द्यावा आणि घ्यावा, उपाय शोधत बसू नये.

मुंबई-कोकणच्या पावसाळ्यात हवाबंद डब्यात सिलिका जेलच्या पुड्या ठेवा आणि दर दोन-तीन महिन्यांनी बदला. रबरबँड, वर्तमानपत्राचा कागद, लोकर डब्याजवळ नको. त्यातल्या गंधकानं चांदी काळवंडते. मूळ पेटी आणि क्रमांकाचं प्रमाणपत्र टाकू नका. चिनी नाण्यांच्या बाबतीत तर त्याविना भाव उतरतो. बँकेच्या लॉकरमधल्या वस्तूंचा विमा बँक उतरवत नाही. चोरी, आग किंवा कर्मचाऱ्याच्या गैरव्यवहारात तिची जबाबदारी वार्षिक भाड्याच्या शंभरपटीपुरती आहे. संग्रह त्याहून मोठा झाला तर वेगळा विमा घ्या.

भारतात आणताना

सोन्याची नाणी परदेशातून कुरियरनं मागवू नका. आयातीवर निर्बंध आहेत आणि माल कस्टममध्ये अडकला तर सुटत नाही. सिंगापूर, हाँगकाँग किंवा ऑस्ट्रेलियाहून येणाऱ्या नातेवाइकांबरोबर आणायची तर आधी त्या आठवड्याचे नियम आणि शुल्काचा दर बघा, कारण दर बदलत राहतात. विमानतळावर लाल मार्गानं जाऊन नाणी जाहीर करा आणि मूळ बिल हातात ठेवा. दागिन्यांना मिळणारी सवलत नाण्यांना लागू होत नाही. इथेच घेतलीत तर ३ टक्के जीएसटीचं पक्कं बिल मागा आणि एका व्यवहारात २ लाख किंवा अधिक रोख देऊ नका, कायद्यानं ते चालत नाही. २४ महिन्यांनंतर विकलंत तर नफ्यावर १२.५ टक्के दीर्घकालीन भांडवली कर लागतो. बिल नसेल तर खरेदीची किंमत सिद्ध करणं अवघड जातं.

प्रत्येक नाण्यामागे वहीत एक पान ठेवा: साल, मालिका, वजन, व्यास, त्या दिवसाचा धातूचा भाव, दिलेली किंमत, कुणाकडून घेतलं, प्रमाणपत्राचा क्रमांक, दोन्ही बाजूंचे आणि कडेचे फोटो. एखाद्या कंपनीनं प्रतवारी करून सील केलेलं नाणं असेल तर त्याचा क्रमांक त्या कंपनीच्या संकेतस्थळावर टाकून तिथला फोटो तुमच्या नाण्याशी जुळतोय का ते घेण्याआधी पाहा. नुसता क्रमांक सापडणं पुरेसं नाही, कारण नकली सीलवर खऱ्या नाण्याचाच क्रमांक छापलेला असतो.