फौजदारी खटल्याची बातमी वाचताना या चुका टाळा

अटक झाली रे झाली, की आपल्या बोलण्यात माणूस ‘गुन्हेगार’ होऊन बसतो. सगळ्यात जास्त होणारी चूक हीच, आणि सगळ्यात क्रूरही. अटकेला सबळ कारण असलेला संशय पुरतो. खटला उभा राहायला सकृद्दर्शनी, म्हणजे वरवर पाहता पुरेसा वाटणारा, पुरावा लागतो. शिक्षेसाठी मात्र गुन्हा वाजवी संशयापलीकडे सिद्ध व्हावा लागतो. तोवर तो आरोपीच. जामीन मिळाला म्हणजे सुटला, हेही तितकंच चूक. खटला पुढे चालूच असतो.

‘निर्दोष असेल तर सिद्ध करून दाखवू दे’ असं म्हणू नका. गुन्हा शाबीत करण्याचं ओझं फिर्यादी पक्षावर असतं. वूल्मिंग्टन खटल्यात हाउस ऑफ लॉर्ड्सने, म्हणजे ब्रिटनच्या तेव्हाच्या सर्वोच्च न्यायालयाने, 1935 साली हे ठामपणे सांगितलं. संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्कांच्या 1948 च्या जाहीरनाम्यातही कलम 11 आहे ते याचसाठी.

‘परिस्थितीजन्य पुरावा म्हणजे कच्चा पुरावा’ हा समजही सोडा. गुन्हा होताना कुणी पाहिलेला नसतो, पण आजूबाजूच्या गोष्टींवरून तो घडल्याचा अंदाज बांधता येतो, तो हा पुरावा. बोटाचा ठसा परिस्थितीजन्यच असतो. उलट डोळ्यांनी पाहिलेला साक्षीदार प्रामाणिक असूनही चुकतो.

आकड्यांपाशी मात्र नीट थांबा, कारण इथे शिकलेली माणसंही फसतात. समजा, डीएनएचा नमुना योगायोगाने जुळण्याची शक्यता 10 लाखांत 1 आहे. म्हणजे आरोपी निर्दोष असण्याची शक्यताही 10 लाखांत 1, असं वाटतं ना? तसं नाही. 1 कोटी वस्तीत असा नमुना योगायोगाने सुमारे 10 जणांशी जुळेल. दुसरा कुठलाच पुरावा नसेल, तर हाच माणूस का, याचं उत्तर त्या आकड्यात नाही. आणि जुळला तरी तो माणूस गुन्ह्याच्या जागी कधीतरी गेला होता, एवढंच कदाचित कळेल. गुन्हा केला की नाही, हा प्रश्न उरतोच.

एकाच घटनेवर दोन न्यायालयांनी वेगळा निकाल दिला, तर ‘कुणीतरी विकलं गेलं’ असं लगेच ठरवू नका. अमेरिकेतला माजी फुटबॉलपटू ओ. जे. सिम्पसन 1995 मध्ये खुनाच्या आरोपातून सुटला. 1997 मध्ये त्याच मृत्यूंसाठी दिवाणी ज्युरीने त्याला जबाबदार धरलं. दिवाणी दाव्यात पारडं थोडं जरी एका बाजूला झुकलं तरी पुरतं. फौजदारीत ते पुरत नाही.

म्हणूनच आरोपी सुटला, तर तक्रार करणारी व्यक्ती खोटी ठरत नाही. पुरावा त्या उंचीपर्यंत पोचला नाही, निकालाचा अर्थ बहुतेकदा एवढाच असतो.