समशेष संख्या शोधताना या चुका टाळा

‘७ ने भागल्यावर ५ बाकी उरते अशा संख्या लिहा’ म्हटलं की मुलं भराभर लिहितात: ५, १२, १९, २६... ५ च्या अलीकडे −२ आहे, त्याच्या अलीकडे −९ आहे, हे बहुतेकांच्या गावीही नसतं. समशेष संख्यांची, म्हणजे एकाच संख्येने भागल्यावर सारखीच बाकी उरणाऱ्या संख्यांची, रांग दोन्ही बाजूंना जाते, आणि जास्तीत जास्त गोंधळ डाव्या बाजूलाच होतो.

तारखांवर करून बघू. १५ ऑगस्ट १९४७ ला शुक्रवार होता. तिथून २६ जानेवारी १९५० पर्यंत ८९५ दिवस होतात (१९४८ हे लीप वर्ष विसरू नका, तिथेच एक दिवस गळतो). ८९५ ला ७ ने भागलं, बाकी ६. शुक्रवारच्या पुढे सहा वार मोजले की गुरुवार. बरोबर.

आता उलट या. गुरुवारपासून ८९५ दिवस मागे, म्हणजे −८९५. इथे मुलं चिन्ह सोडून देतात, बाकी ६ धरतात आणि गुरुवारच्या पुढे सहा मोजून बुधवार सांगतात. खरं तर −८९५ = ७ × (−१२८) + १. बाकी १, म्हणून शुक्रवार. बाकी नेहमी ० ते ६ मध्येच हवी आणि त्यासाठी भागाकार एक पायरी खाली घ्यावा लागतो.

प्रोग्रॅम लिहिणाऱ्यांना हाच खड्डा वेगळ्या जागी भेटतो. −८९५ % ७ चं (% ही बाकी काढायची खूण) उत्तर पायथॉन १ देतं, सी आणि जावा −६ देतात. चूक कोणाचीच नाही. १ आणि −६ मध्ये फरक ७ चा, म्हणजे दोन्ही समशेषच. पण उत्तर ० ते ६ मध्ये हवं असेल तर (अ % ७ + ७) % ७ असं लिहा.

शंका आली की बाकी काढत बसू नका, वजाबाकी करा. दोन संख्यांच्या फरकाला ७ ने पूर्ण भाग गेला की त्या समशेष, काम झालं. गणितज्ञ गाउसने १८०१ साली समशेष दाखवणारी ≡ ही खूण मांडली तेव्हा व्याख्याही फरकावरूनच केली होती. मला तीच सगळ्यात भरवशाची वाटते.

कॅल्क्युलेटरवाल्यांसाठी: ८९५ ÷ ७ = १२७.८५७... यातला ८ किंवा ८५७ म्हणजे बाकी नव्हे. १२७ × ७ = ८८९, ते ८९५ मधून वजा करा.

‘१०० ते २०० मध्ये ७ ने भागल्यावर ५ बाकी उरते अशा संख्या किती?’ हा प्रश्न आला की सुरुवात शोधा. १०० ची बाकी २, म्हणून पहिली संख्या १०३. २०० ची बाकी ४, म्हणून शेवटची १९४. (१९४ − १०३) ÷ ७ = १३. इथे थांबून १३ लिहिणारे खूप. दोन्ही टोकं मोजायची आहेत, उत्तर १४.

आणि भागाकाराची चूक, जी हुशार मुलंही करतात. ६क्ष ≡ ४ (मॉड १०), म्हणजे ६क्ष आणि ४ यांना १० ने भागल्यावर सारखीच बाकी उरते. दोन्हीकडे २ ने भागून ३क्ष ≡ २ (मॉड १०) लिहिलं की क्ष ≡ ४ मिळतं आणि ९ हातचं जातं. ६ × ९ = ५४, शेवटी ४ आहेच ना! ६, ४ आणि १० तिघांनाही २ ने भाग जातो, म्हणून १० लाही भागायचं: ३क्ष ≡ २ (मॉड ५), क्ष ≡ ४ (मॉड ५). म्हणजे १० च्या हिशोबात ४ आणि ९, दोन्ही.