बाटलीवरच्या टक्क्यांपासून मोलारिटीपर्यंत

द्रावणाच्या संहतीचे, म्हणजे त्यात किती पदार्थ विरघळला आहे याचे, एकक बदलताना सूत्र आठवण्याआधी छेदात काय आहे ते पाहावे. वस्तुमान टक्केवारीच्या छेदात द्रावणाचे वस्तुमान असते, मोलारिटीच्या छेदात द्रावणाचे आकारमान असते आणि मोलॅलिटीच्या छेदात फक्त द्रावकाचे (विरघळवणाऱ्या द्रवाचे) वस्तुमान. या शेवटच्या दोन्हींच्या अंशात विरघळलेल्या पदार्थाचे मोल असतात; मोल हे कणांची ठरावीक संख्या मोजणारे एकक आहे. वस्तुमानाकडून आकारमानाकडे जायचे असेल, तर घनता हाताशी हवीच.

प्रयोगशाळेतील संहत हायड्रोक्लोरिक आम्लाच्या बाटलीवर बहुधा ३७ टक्के आणि घनता १.१९ ग्रॅम प्रति मिलिलिटर असे लिहिलेले असते. हिशेबासाठी एक लिटर आम्ल घेतले असे मानावे. त्याचे वस्तुमान ११९० ग्रॅम भरते आणि त्याच्या ३७ टक्के, म्हणजे ४४०.३ ग्रॅम, हायड्रोजन क्लोराइड असते. या संख्येला मोलार वस्तुमानाने, म्हणजे एका मोलच्या वस्तुमानाने (३६.४६ ग्रॅम), भागले की १२.०८ मोल येतात. आपण एक लिटरच घेतले असल्यामुळे हीच मोलारिटी. मोलॅलिटीसाठी ११९० मधून ४४०.३ वजा करावेत. उरलेले ७४९.७ ग्रॅम, म्हणजे ०.७४९७ किलो, पाणी हा आता छेद झाला आणि उत्तर १६.१ आले. विद्यार्थी चुकतात ते नेमके या वजाबाकीपाशी, कारण विरल द्रावणांत दोन्ही उत्तरे जवळजवळ सारखीच येतात आणि ती सवय इथे नडते.

पीपीएमचेही, म्हणजे वस्तुमानाच्या दहा लाख भागांत किती भाग या एककाचेही, तसेच आहे. पिण्याच्या पाण्यासाठी भारतीय मानक १०५०० मध्ये फ्लोराइडची स्वीकार्य मर्यादा लिटरला १ मिलिग्रॅम आहे. एक लिटर पाणी साधारण एक किलो भरत असल्याने तिला १ पीपीएम म्हणता येते आणि फ्लोराइडच्या मोलार वस्तुमानाने, म्हणजे १९ ने, भागल्यावर लिटरला ०.०५३ मिलिमोल मिळतात. वरच्या आम्लाला मात्र ही सोय लागू पडत नाही: लिटरला ४,४०,३०० मिलिग्रॅम, पण पीपीएम ३,७०,०००.

या आम्लापासून १ मोलारचे २५० मिलिलिटर द्रावण करायचे असल्यास २५० ला १२.०८ ने भागावे, म्हणजे २०.७ मिलिलिटर आम्ल लागेल. ते धूरकपाटात, आधी घेतलेल्या पाण्यात हळूहळू ओतावे आणि थंड झाल्यावर मापन चंबूच्या खुणेपर्यंत पाणी भरावे. २५० मिलिलिटर पाणी मोजून त्यात आम्ल मिसळल्यास आकारमान वाढून संहती कमी भरते. बाटली वारंवार उघडल्याने वायू उडून जातो, त्यामुळे अचूक मोलारिटी हवी असल्यास तयार द्रावणाचे निर्जल सोडियम कार्बोनेटशी अनुमापन करून (त्याच्या मोजलेल्या वस्तुमानाशी किती आम्ल अभिक्रिया करते ते पाहून) मिळालेली संख्याच लेबलावर लिहावी.